नमाज आहे, दुआ आहे, पण पॅनलसमोर बसलं की आवाज फुटत नाही. ईमानातून (अल्लाहवरच्या श्रद्धेतून) आत्मविश्वास येतो तो नेमका कसा?

साखळीची_लेक

अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय थोडा पर्सनल आहे पण माझ्यासारखे अजून असतीलच असं वाटतं म्हणून विचारते.

मी साखळीची. एमकॉम झालंय, पणजी आणि वेर्णा भागात इंटरव्ह्यू चालू आहेत, सरकारी भरतीचाही फॉर्म भरलाय. विषय येतो, अकाउंट्स तर मनापासून आवडतं. पण समोर तीन-चार माणसं बसलेली दिसली की घसा कोरडा, हात थंड, आणि येत असलेलं उत्तरसुद्धा अर्ध्यावर तुटतं. घरी आम्ही दखनी (दख्खनी उर्दू) बोलतो, शाळा मराठीत झाली, बाजारात कोंकणी, कॉलेज इंग्रजीत, त्यामुळे कुठलीच भाषा आपली पक्की नाही असं आतून वाटत राहतं. शिवाय वर्गात मुस्लिम मुलगी मी एकटी नाहीतर फार तर दोघी, म्हणजे आपण चुकलो तर लोक 'ही चुकली' म्हणणार नाहीत, 'हे लोक असेच' म्हणतील, हे ओझं वेगळंच.

अम्मी म्हणते नमाज दिल लावून पढ, अल्लाह सगळं ठीक करेल. अम्मीचं मला पटतं आणि नमाज मी सोडत नाही. पण मला समजून घ्यायचंय की हा धीर माणसात येतो तो येतो कुठून. भरोसा ठेवणारा माणूस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री काय करतो, खुर्चीत बसल्यावर काय करतो, असं काहीतरी सांगा. आणि एक प्रश्न जो घरी विचारायला मी कचरते, इतकी भीती वाटते म्हणजे माझं ईमान कमजोर आहे का?

वास्को_आपा

वालेकुम सलाम बेटा. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. नाही, भीती वाटली म्हणून ईमान कमजोर ठरत नाही. मी शाळेत शिकवलं, आता रिटायर आहे, आणि हा प्रश्न मुलींनी मला कितीदा तरी विचारलाय, बहुतेक वेळा वर्ग सुटल्यावर, एकट्यात.

कुराणातली सूरह (अध्याय) ताहा काढ. हजरत मूसांना हुकूम झाला की फिरऔनकडे, म्हणजे मिसरच्या बादशहाकडे जा. आता मूसा म्हणजे पैगंबर, अल्लाह स्वतः त्यांच्याशी बोलतोय, काठीचा साप होतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तरी ते लगेच 'चाललो' असं म्हणत नाहीत, दुआ मागतात, रब्बिश्रह् ली सद्री, व यस्सिर् ली अम्री, वह्लुल उक्दतम् मिल्लिसानी, यफ्कहू कौली. हे रब, माझी छाती मोकळी कर, माझं काम सोपं कर, माझ्या जिभेची गाठ सोड म्हणजे लोकांना माझं बोलणं समजेल. आयत २५ ते २८. म्हणजे तुला जे होतं ना, छाती भरून येते, जीभ अडते, शब्द तुटतात, ते सगळं या चार ओळींत आहे, आणि ते एका नबीच्या (पैगंबराच्या) तोंडी आहे.

आणि ते इथे थांबत नाहीत. माझ्या घरातला मदतनीस दे, माझा भाऊ हारून दे, असंही मागतात. सूरह कससमध्ये तर स्पष्ट म्हणतात की हारून माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, त्याला माझ्यासोबत पाठव, आणि ती माणसं मला मारून टाकतील अशी भीती वाटते हेही तिथेच सांगून टाकतात. यावर उत्तर काय येतं बघ, 'मूसा, तू मागितलंस ते तुला दिलं.' पुढे दोघांना सांगितलं जातं, भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे, ऐकतोय आणि बघतोय. एवढं होऊनही जादूगारांनी दोऱ्या टाकल्या तेव्हा मूसांच्या मनात परत भीती आलीच, तेही कुराणात लिहिलंय. भीती लपवलेली नाही, तिच्यासकट त्यांना पुढे पाठवलंय.

म्हणून मी तरी मुलींना सांगते की ही दुआ पाठ करा, पण दुआच्या मागचं वागणंही बघा. आपली अडचण नाव घेऊन सांगणं, मदत मागणं आणि मग जाणं. तुझा हारून कोण आहे ते शोध. मैत्रीण असेल, बहीण असेल, एखादी सिनियर असेल.

वेर्णा_शिफ्ट

आपांनी फार छान लिहिलंय. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी वेर्ण्याला फार्मामध्ये आहे आणि कधी कधी पॅनलवर बसावं लागतं. ताई, समोरच्याचा हात थरथरतोय हे आम्हाला दिसतं आणि त्यात कोणी मार्क कापत नाही. कापले जातात ते काय केलंय ते सांगता न आल्यामुळे. तेवढ्यापुरती तयारी हातात आहे.

आता तवक्कुलबद्दल, म्हणजे अल्लाहवर भरोसा ठेवण्याबद्दल. तिरमिजी या संग्रहातली हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) सगळ्यांना माहीत असते, एक माणूस विचारतो उंट बांधून भरोसा ठेवू की मोकळा सोडून, उत्तर मिळतं बांध आणि मग भरोसा ठेव. पण मला त्याहून जास्त आधार आले इमरानच्या १५९ व्या आयतीने दिलाय. तिच्यात क्रम आहे. लोकांना माफ कर, त्यांच्यासाठी माफी माग, कामात त्यांचा सल्ला घे, मग एकदा निश्चय केलास की अल्लाहवर भरोसा ठेव. भरोसा शेवटी येतो, सल्ला आणि निश्चय झाल्यावर. आणि ही आयत उहुदच्या लढाईच्या संदर्भात आहे, इसवी सन ६२५ ची गोष्ट. लढाईआधी नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सल्ला घेतला होता, मदीनेच्या बाहेर जाऊन लढायचं हे तरुण मंडळींच्या आग्रहावरून ठरलं आणि त्यात मुसलमानांना जबर फटका बसला. म्हणजे सल्ला घेऊनही निकाल वाईट लागला, आणि तरी त्यानंतर अल्लाह सांगतो की सल्ला घेतच राहा. मला नोकरी गेली होती तेव्हा मी ही आयत तफसीरसकट (भाष्यासकट) परत परत वाचली. निकाल बिघडला म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही, हे त्या काळात दुसऱ्या कोणी मला असं सांगितलं नव्हतं.

आमचं घर बायण्याला, आजूबाजूला रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि ट्रॉलरवाले. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत माणसं जाळी शिवत बसतात, इंजिन खोलतात, होडीला रंग देतात. किती मासळी मिळेल हे त्यांच्या हातात नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, तरी फाटकं जाळं घेऊन कोणी निघत नाही. तवक्कुल मला तिथे दिसतो.

तर आदल्या रात्री: फाईल लावून ठेवायची, कंपनी काय करते ते वाचायचं, आपण केलेल्या दोन-तीन कामांची गोष्ट मोठ्याने बोलून बघायची, इशा (रात्रीची नमाज) पढायची आणि झोपायचं. जागून परत परत वाचण्यात काही अर्थ नाही.

सीधी_बात

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कोणी वाईट वाटून घेऊ नका. हल्ली आपल्या तरुणांमध्ये कॉन्फिडन्स कॉन्फिडन्स हेच चाललंय, मोटिव्हेशनवाले येतात आणि सांगतात स्वतःवर विश्वास ठेवा, तुम्ही काहीही करू शकता. आपला दीन (धर्म) हे शिकवत नाही. अबू दाऊद या हदीससंग्रहात दुआ आहे, हे अल्लाह मला डोळ्याची पापणी लवेपर्यंतसुद्धा माझ्या स्वतःच्या हवाली करू नकोस. मग स्वतःवर भरोसा हा विषयच कुठून आला? बंद्याने आपण काहीच नाही हे मानावं, त्यातच सलामती आहे. नाहीतर गुरूर (घमेंड) यायला वेळ लागत नाही.

किताबवाला_मडगाव

सीधी_बात भाई, तुम्ही सांगितलेली दुआ मीसुद्धा रोज मागतो आणि 'काहीही करू शकतो' या बोलण्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. पण 'मी काहीच नाही' म्हणत कोपऱ्यात बसणं हेही आपल्याला शिकवलेलं नाही, आणि याचा पुरावा सूरह यूसुफमध्येच आहे.

साखळीच्या ताई, तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात तर हे नीट वाचा. हजरत यूसुफ तुरुंगातून बाहेर आलेत. भावांनी विहिरीत टाकलेला, गुलाम म्हणून विकलेला, खोट्या आरोपात अडकलेला परदेशी माणूस. बादशहासमोर उभे आहेत आणि म्हणतात, देशाच्या खजिन्यावर मला नेमा, मी जपणारा आहे आणि जाणणारा आहे. इन्नी हफीजुन अलीम, आयत ५५. मुलाखतच आहे ही! आणि पोस्टसुद्धा फायनान्सचीच. कुठलं काम जमेल ते सांगितलं आणि का जमेल ते दोन गुणांत सांगितलं, एक विश्वासू आहे, दुसरं काम येतं. मोठेपणा नाही आणि 'मी काय, मला काय येणार' असंही नाही. पुढे दुष्काळ येणार होता, धान्य साठवून लोकांना जगवायचं होतं, ते काम येणारा माणूस गप्प बसला असता तर नुकसान लोकांचं होतं.

आणि शेवटी सगळं मिळाल्यावर, आईवडील भाऊ सगळे आल्यावर, तेच यूसुफ म्हणतात, हे रब, तूच मला सत्ता दिलीस, तूच मला शिकवलंस. हुन्नर आहे हे नाकारलं नाही, फक्त तो आला कुठून हे विसरले नाहीत. सीधी_बात भाईंची दुआ आणि यूसुफांचं हे वाक्य यांच्यात मला तरी काही भांडण दिसत नाही.

गुरूरचं म्हणाल तर सही मुस्लिम या हदीससंग्रहात एका माणसाने विचारलंय की मला चांगले कपडे, चांगली चप्पल आवडते, हा किब्र (गर्व) आहे का. उत्तर मिळालं, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं, किब्र म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. स्वच्छ इस्त्रीचा ड्रेस घालून, मान वर करून आपल्याला काय येतं ते सांगणं यात ना सत्य नाकारलं ना कोणाला तुच्छ लेखलं.

सीधी_बात

किताबवाला भाई, यूसुफ अलैहिस्सलामची आयत या बाजूने मी कधी बघितली नव्हती. जजाकल्लाह. माझा मुद्दा बहिणीला मागे ओढण्यासाठी नव्हता, मोटिव्हेशनवाल्यांबद्दल होता, तो मी कायम ठेवतो.

फोंडेकार

मी हिंदू आहे, फोंड्याचा. शापूरला सफा मशिदीच्या आसपासच लहानपण गेलं, आदिलशाही काळातली मशीद, त्या तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही सगळी पोरं बसायचो, त्यामुळे या विषयात पडू का असं वाटलं नाही, विचारतोच. तुमच्याकडे सगळं अल्लाहने आधीच लिहून ठेवलंय असं मानतात ना? मग नोकरी मिळणार की नाही हेही लिहिलेलंच असणार. मग ही तयारी, हा धीर, याचा उपयोग काय? आमच्या घरीही आजी 'कपाळात असेल ते होईल' म्हणायची आणि त्या वाक्यावर घरातल्या दोन माणसांनी आयुष्यभर काही केलं नाही, म्हणून हा प्रश्न मला टोचतो. टीका म्हणून विचारत नाहीये.

किताबवाला_मडगाव

पडा हो बिनधास्त, चांगला प्रश्न आहे आणि हा प्रश्न सहाबांमध्येसुद्धा (नबींच्या सोबत्यांमध्ये) झालाय.

खलीफा हजरत उमर शामच्या प्रवासाला निघाले होते, म्हणजे आजचा सिरिया-जॉर्डनचा भाग. सर्ग नावाच्या ठिकाणी पोचले तेव्हा कळलं की पुढे प्लेगची साथ आहे. त्यांनी वेगवेगळ्या गटांचा सल्ला घेतला, मतं दोन्ही बाजूंनी आली, शेवटी परत फिरायचं ठरवलं. सेनापती अबू उबैदा म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदीरपासून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे चाललोय. आणि मग समजावलं की तुझे उंट एका खोऱ्यात उतरले, त्याची एक बाजू हिरवी आणि एक ओसाड, तर हिरव्या बाजूला चारलेस तरी तकदीर आणि ओसाड बाजूला चारलेस तरी तकदीरच. बुखारीत आहे. नंतर अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी नबींची हदीस सांगितली की साथ असेल त्या गावात जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे आली तर पळून बाहेर पडू नका. कोविडच्या वेळी हीच हदीस खूप फिरत होती, आठवत असेल.

तर तकदीर मानणारा माणूस हातपाय हलवतो, कारण हातपाय हलवणं हेही त्याच लिहिण्यात येतं. आणि सही मुस्लिममधली हदीस आहे, ताकदवान मोमिन (ईमान असलेला माणूस) कमजोर मोमिनपेक्षा अल्लाहला जास्त आवडतो आणि भलाई दोघांतही आहे, जे फायद्याचं आहे त्यासाठी धडपड कर, अल्लाहची मदत माग आणि हतबल होऊन बसू नकोस. मग काही वाईट झालं तर 'असं केलं असतं तर' म्हणू नकोस, अल्लाहने ठरवलं ते झालं असं म्हण. बघा, तकदीर कधी बोलायची तर झाल्यावर. आधी बोलायची ती धडपड. आजीचं वाक्य चुकीचं नव्हतं, वेळ चुकीची होती.

फोंडेकार

हे पटलं. 'झाल्यावर बोलायचं, आधी नाही' हे मी मुलाला सांगणार आहे. देव बरें करूं.

सत्तरीचा_पाऊस

मी वाळपईकडचा. मी लहानपणापासून अडखळतो म्हणजे बोलताना, तोतरा म्हणतात ना तसा, शाळेत हजेरीला हजर म्हणायचं तरी घाम फुटायचा. मदरशात कुराण वाचताना पोरं हसायची आणि मी जायचं सोडणार होतो तर आमच्या मौलानांनी मला बाजूला घेऊन एक हदीस सांगितली, बुखारी मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, की जो कुराण सफाईने वाचतो तो नेक फरिश्त्यांबरोबर असेल आणि जो अडखळत, त्रास होत असताना वाचतो त्याला दुप्पट सवाब (पुण्य). दुप्पट! मी त्या वेळी किती रडलो ते माझं मला माहीत. म्हणजे जगात ज्या गोष्टीचे मार्क कापतात तिथे अल्लाहकडे वाढवून मिळतात, हे डोक्यात बसलं आणि मग लोक हसले तरी मी वाचत राहिलो.

नंतर स्पीच थेरपीपण केली, तीही महत्त्वाची, श्वास कसा घ्यायचा, शब्द कसा हळू सुरू करायचा हे तिथे शिकलो. आता मोहल्ल्यात कधी मुअज्जिन (अजान देणारे) नसले तर अजान मी देतो. अजान देताना अडखळत नाही पण फोनवर अजून अडखळतो, असो.

अजून एक, अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम हे आंधळे सहाबी होते, सूरह अबस त्यांच्यामुळे उतरली. मक्केचे मोठे सरदार समोर बसलेले असताना ते मध्ये येऊन विचारू लागले, आणि अल्लाहने त्या सरदारांपेक्षा या शिकायला आलेल्या आंधळ्या माणसाची बाजू घेतली. पुढे ते बिलालबरोबर मदीनेचे मुअज्जिन झाले, आणि नबी बाहेरगावी असताना काही वेळा मदीनेत त्यांच्या जागी हेच नमाज पढवायचे. तर बहिणी तू चार भाषा बोलतेस आणि म्हणतेस एकही पक्की नाही!

वास्को_आपा

सत्तरीच्या बेट्या, अल्लाह तुझी जबान अजून मोकळी करो. भाषेचं मी सांगणारच होते. सूरह रूम, आयत २२: आकाश आणि जमिनीची निर्मिती, आणि तुमच्या भाषांचं आणि रंगांचं वेगळं असणं, ही त्याच्या निशाण्यांपैकी आहे. आपल्या गोव्यात तर एका बसमध्ये पाच भाषा ऐकू येतात. दखनी बोलणाऱ्या घरात जन्म घेणं ही लाजायची गोष्ट नाहीच. बाकी सरकारी भरतीसाठी कोंकणी यायलाच हवी आणि मराठीचाही उपयोग होतो, तुला दोन्ही येतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. म्हणजे तुझ्याकडे असलेली गोष्ट तू कमतरता म्हणून मोजतेयस.

बांबोळी_नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, एवढंच सांगायला आले. इंटरव्ह्यूच्या आधी घसा कोरडा होणं, हात थंड होणं हे शरीराचं नॉर्मल वागणं आहे. पण कोणाला अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणं, आता मरतो की काय असं वाटणं, रात्र रात्र झोप न लागणं, आठवडेच्या आठवडे काहीच करावंसं न वाटणं, असं होत असेल तर त्याला ईमानाची कमी म्हणू नका आणि घरच्यांना म्हणू देऊ नका. शुगरला गोळी घेताना आपण नमाज कमी पडली का असं विचारत नाही. नबींनी सांगितलंय की अल्लाहने असा कुठलाही आजार उतरवलेला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, बुखारीत आहे. दुआही करा आणि डॉक्टरकडेही जा. बांबोळीला मनोरुग्णांसाठीचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे साध्या टेन्शनसाठीही ओपीडीत जाता येतं, आत गेलं म्हणजे वेडे झालो असं काही नाही. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत.

साखळीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं अम्मीला वाचून दाखवलं. अम्मीला यूसुफवाली पोस्ट फार आवडली, तिने परत वाचायला लावली. सत्तरीच्या भाई तुमचं वाचून आम्ही दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही.

नर्स ताई, माझं तेवढं नाहीये, झोप लागते, फक्त त्या खोलीत होतं. पण नंबर सेव्ह केला, चुलत बहिणीला देणार आहे, तिला गरज आहे असं वाटतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाहीये. ती 'आपण चुकलो तर सगळ्यांचं नाव जाईल' वाली. मागे एका ठिकाणी पॅनलमधल्या एकाने माझ्या स्कार्फकडे बघून 'हे रोज घालणार का' असं विचारलं आणि मग मी अकाउंट्सचं एकही उत्तर नीट देऊ शकले नाही. त्या एका प्रश्नानंतर मी माझी राहिलेच नाही, सगळ्यांची प्रतिनिधी झाले.

मडगाव_ऑडिट

ताई, मी ऑडिटमध्ये काम करते, स्कार्फ घालते, आणि हा प्रश्न मलाही विचारलाय. त्या वेळी 'हो, रोज घालणार, कामात त्याची काही अडचण येत नाही' एवढं शांतपणे बोलून पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. स्पष्टीकरण वाढवायचं नाही, भाषण द्यायचं नाही. जिथे ते चालत नाही तिथे आपल्यालाही काम करायचं नाहीये हे आधी मनात ठरलेलं असलं की हे वाक्य सरळ येतं. घरी मोठ्याने बोलून बघ, खरंच.

आणि ओझ्याबद्दल. २०११ च्या जनगणनेत गोव्यात आपण साधारण ८ टक्के होतो, त्यामुळे वर्गात ऑफिसात एकटं असणं हे होणारच. पण कुराणात पुन्हा पुन्हा आलंय, ला तजिरु वाजिरतुंव विज्र उख्रा, कोणी ओझं उचलणारा दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही. अल्लाहने जे तुझ्यावर टाकलं नाही ते तू कशाला उचलतेस? तुझ्या हिशोबात तुझीच उत्तरं आहेत. लोकांनी एकीवरून सगळ्यांना तोललं तर ते त्यांच्या हिशोबात लिहिलं जाईल. हे मला कळलं ना त्या दिवसापासून मीटिंगमध्ये मला फक्त बॅलन्स शीटचीच चिंता असते.

बायकांनी बोलावं की नाही असं अजूनही कोणाला वाटत असेल तर हुदैबियाचा प्रसंग वाचा, इसवी सन ६२८. मक्केवाल्यांशी तह झाला, उमरा (मक्केची यात्रा) न करता परत जायचं ठरलं, नबींनी सांगितलं कुर्बानी करा, केस काढा, पण सहाबा इतके दुःखी होते की तीनदा सांगूनही कोणी उठेना. नबी तंबूत आले आणि पत्नी उम्मे सलमांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बाहेर जा, कोणाशी काही बोलू नका, आधी स्वतः कुर्बानी करा आणि केस काढा. त्यांनी तसं केलं आणि बघून सगळे उठले. एवढ्या मोठ्या पेचात एका बाईने स्वच्छ सल्ला दिला आणि अल्लाहच्या रसूलने तो मानला. कामाची गोष्ट माहीत असेल तर सांगायची.

वेर्णा_शिफ्ट

यात एक जोडतो. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज (सक्तीच्या) रकात, म्हणजे नमाजची आवर्तनं, १७. प्रत्येक रकातीत फातिहा (कुराणातली पहिली सूरह), आणि फातिहात 'इय्याक नस्तईन', तुझ्याकडेच मदत मागतो. रोज किमान १७ वेळा मदत मागण्याची सवय असलेल्या माणसाला 'मला हे जमत नाहीये, जरा शिकवाल का' हे कोणाला विचारायची लाज वाटायला नको, आणि ज्याच्यासमोर कपाळ टेकतो त्याच्यापेक्षा मोठं पॅनल कुठलं नाही. मला खुर्चीत बसल्यावर या दोन गोष्टी उपयोगी पडतात. पॅनलमधली माणसं रोजी देणारी नाहीत, रोजी देणारा वेगळा आहे, ही माणसं फक्त एक दार आहेत, हे मनात असलं की त्यांच्याशी नीट, अदबीने आणि न घाबरता बोलता येतं. आणि नाही म्हणाले तर एक दार बंद झालं.

साखळीची_लेक

मडगाव_ऑडिट ताई, 'माझ्या हिशोबात माझीच उत्तरं' हे लिहून भिंतीला लावलंय. अकाउंट्सवाल्यांना हीच भाषा कळते.

पुढच्या बुधवारी पणजीला इंटरव्ह्यू आहे, दुपारी दोनला. दोन प्रश्न. एक, आधी कोणी माझा खोटा खोटा इंटरव्ह्यू घेईल का, कडक घ्या, इंग्रजीत आणि कोंकणीत. दुसरा, जुहर (दुपारची नमाज) कशी सांभाळू, साखळीहून बसने यायचंय आणि तिथे किती वेळ बसवतील माहीत नाही.

मडगाव_ऑडिट

मी घेते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, वेर्णा_शिफ्ट भाई तुम्हीपण या म्हणजे दोन चेहरे दिसतील, एकाच माणसासमोर बोलायची सवय कामाची नाही. तुझा रिझ्युमे आधी मेसेज कर, त्यातलंच विचारणार. स्कार्फचा प्रश्नही मध्येच टाकणार, कधी ते सांगणार नाही.

वेर्णा_शिफ्ट

येतो. मी जीएसटी आणि रिकन्सिलिएशन विचारेन, तयार राहा. साडेनऊ चालेल, त्याआधी नाईटवरून आलेला असेन तर झोप हवी.

वास्को_आपा

जुहरची वेळ पाऊणच्या सुमाराला सुरू होते, दोनच्या आत सहज होते. साडेअकराच्या आत साखळीहून सुटणारी बस पकड, पणजीला पोचून स्टँडवर काही खा, रिकाम्या पोटी जाऊ नकोस. वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) घरूनच करून नीघ, टिकला तर बरं. अम्मीला सोबत आण, पणजीच्या मशिदीत बायकांची सोय आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचार, नसेल तर माझी भाची सांतिनेजला राहते, तिच्या घरी पढ आणि तिथून जा. तिचा पत्ता मेसेजमध्ये पाठवते. अबू दाऊदमध्ये हजरत हुजैफा सांगतात की नबींना कुठली गोष्ट जड झाली की ते नमाजला उभे राहत. तू तर नमाज पढूनच आत जाणार आहेस.

साखळीची_लेक

आपा, पत्ता मिळाला. अम्मी येतेय बरोबर. रविवारी साडेनऊ पक्कं, रिझ्युमे दोघांनाही पाठवलाय, त्यात इंटर्नशिपची तारीख बरोबर वाटते का तेवढं बघा.